धुरातला हॉलंडकर

ऑक्टोबरातला पाऊस स्पेनमधल्या वाल्देंसिना गावावर पडत नाही, येऊन बसतो. खुडूक कोंबडीसारखा. एकदा बसला की डोंगर दिसेनासा होतो, चर्चचा मनोरा अर्धाच उरतो, आणि मिरची उन्हात वाळवतो म्हणणाऱ्याकडं गाव दयेनं बघतं. म्हणून इथली मिरची धुरात वाळते. खाली ओकच्या लाकडांचा मंद विस्तव, वर पट्ट्यापट्ट्यांचा लाकडी माळा, आणि माळ्यावर गुडघाभर लाल मिरची. पंधरा दिवस ती नुसता धूर पिते. आणि पंधराही दिवस कुणीतरी त्या माळ्यावर चढून खालची मिरची वर, वरची खाली करायची. एक दिवस चुकला की खालचा थर कुजलाच.

हे ‘कुणीतरी’ गेली त्रेचाळीस वर्षं सिक्स्तो होता.

त्याही सकाळी तो वरच होता. डोळे बारीक करून, तोंडाला फडकं बांधून, लाकडी फावड्यानं मिरची पालथी घालत. माणूस तसा ठेंगणा, पोटानं गोल, आणि रंगानं आता जवळजवळ मिरचीच्या घरचा. धूर त्याच्या अंगात इतका मुरला होता, की आंघोळीनं नुसता वरचा थर निघायचा. त्याच्या लग्नात पाद्रीबाबा दोनदा खोकले आणि तिसऱ्यांदा त्यांनी शपथा आटोपत्या घेतल्या. बसमध्ये त्याच्या शेजारी बसलेल्याला एकाएकी आठवायचं, की आपण सकाळपासून काही खाल्लेलं नाही. परगावची कुत्री त्याच्यावर भुंकत नसत. मागं मागं येत.

“सिक्स्तो! खाली उतर! हॉलंडहून पाकीट आलंय!” खालून कासिल्दा ओरडली. कासिल्दा त्याची बायको. तिचा आवाज धुरातूनही सरळ येतो.

“अर्धा माळा राहिलाय!”

“मग पाकीट मी फोडते!”

तो तीन पायऱ्या गाळून खाली आला.

त्यांची लेक रेमेदियोस हॉलंडात उत्रेख्तला नर्स. तिची मुलगी इरेने, आठ वर्षांची, सिक्स्तोची एकुलती नात. पाकिटात दोन पुठ्ठ्यांच्या मधे एक कागदी माणूस निघाला. टीचभर उंच, पिवळे केस, निळा कोट, नारिंगी टाय, पायांत काळे बूट, आणि चेहऱ्यावर पोट भरलेल्या माणसाचं हसू. सोबत इरेनेची चिठ्ठी. कासिल्दानं चष्मा लावून वाचली.

“प्रिय आजोबा, हा बर्ट. आमच्या वर्गातले सगळे बर्ट फिरायला गेलेत. पिमचा बर्ट बर्फात गेलाय. माझा तुझ्याकडे आलाय. त्याला खेडं दाखव, शहर दाखव आणि फोटो काढ. त्याला वाकवू नको. भिजवू नको. आणि प्लीज, प्लीज, धुराच्या घरात नेऊ नको. ३१ तारखेला पोस्टात टाक. त्याला धुराचा वास लागला नाही, तर मी नाताळात येईन.”

कासिल्दानं चिठ्ठीची घडी केली. दोघांनाही स्वेटर आठवला.

कासिल्दानं विणलेला तो स्वेटर इरेने गेल्या हिवाळ्यात शाळेत घालून गेली होती. वर्गातल्या कुणीतरी विचारलं, तुमचं घर जळालं का? सगळा वर्ग हसला. तेव्हापासून स्वेटर बाल्कनीत टांगलेला होता, आणि यंदाच्या सुट्टीत पोरगी गावाकडं आलीच नव्हती. रेमेदियोस फोनवर म्हणायची, शाळा आहे, पोहणं आहे, अमुक आहे. सिक्स्तो म्हणायचा, बरं बरं. पण त्याला कळत होतं, आडवा येतोय तो आपलाच वास.

“नाताळात येणार ती,” सिक्स्तो म्हणाला. “या हॉलंडकराला मी असा ठेवतो बघ, की परत गेला तर त्याची आईसुद्धा म्हणेल, हा घराबाहेर पडलाच नव्हता.”

“आधी हात धू. त्याच्या कोटावर अंगठा उमटवशील.”

त्या दिवसापासून घरात सोवळं सुरू झालं. हॉलंडकराचा मुक्काम मेंब्रिल्लो फळाच्या वडीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, धुतलेल्या उशीच्या अभ्र्यात. डबा बेडरूममधल्या कपाटावर, धुराच्या घरापासून जेवढा लांब जाईल तेवढा. त्याला हात लावण्याआधी सिक्स्तो लिंबानं कोपरापर्यंत घासायचा आणि वर लव्हेंडरचं पाणी शिंपडायचा.

“लग्नाच्या दिवशीसुद्धा एवढा घासला नव्हतास,” कासिल्दा म्हणाली.

“तेव्हा तू तक्रार केली नव्हतीस.”

“तेव्हा मला सर्दी होती, बाबा.”

खेडं दाखवणं सोपं होतं. सिक्स्तोनं त्याला कारंज्यावर बसवलं, चर्चच्या दाराशी उभं केलं, ओकच्या झाडाला टेकवलं. मोबाइल धरायचा आणि बर्टलाही धरायचा, म्हणजे एकाच वेळी दोन बैल हाकण्यातला प्रकार. पहिल्या सहा फोटोंत बर्ट होता, थोडं स्पेन होतं, आणि बाकी सगळा सिक्स्तोचा अंगठा. शेळ्यांच्या कुंपणाशी मात्र घात होता होता राहिला. नेमेसियोच्या शेळीनं मान लांब करून बर्टला पायापासून टायपर्यंत हुंगलं, लव्हेंडरनं शिंकली, आणि बर्टला सोडून सिक्स्तोच्या खिशातली इरेनेची चिठ्ठी खाऊन टाकली.

“काय लिहिलं होतं तिच्यात?” नेमेसियोनं विचारलं. नेमेसियो कासिल्दाचा धाकटा भाऊ. शेळ्या त्याच्या, मालवाहू गाडी त्याची, आणि न विचारलेला सल्लाही त्याचाच.

“वाकवू नको, भिजवू नको, धुरात नेऊ नको. पाठ आहे मला.”

“मग शेळीनं खाल्ली तर काय बिघडलं, दाजी? आता तिलाही पाठ झालं.”

मठही दाखवून झाला. जुन्या काळी कुणी बादशहा तिथं मरायला येऊन राहिला होता, एवढं सिक्स्तोला ठाऊक होतं. तिकीट देणाऱ्या बाईनं डब्यात डोकावून पाहिलं.

“हे कोण?”

“पाहुणे. हॉलंडचे.”

“वय काय?”

सिक्स्तो विचारात पडला. “दोन आठवडे असेल.”

“मग आईवडिलांसोबतच आत सोडते,” बाई गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, “तुम्ही कोण लागता?”

“आजोबा,” सिक्स्तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं आणि त्याचं त्यालाच बरं वाटलं.

राहिलं शहर. ते त्यानं अठ्ठावीस तारखेच्या मंगळवारी ठरवलं, कारण मंगळवारी प्लासेन्सियाच्या मोठ्या चौकात बाजार भरतो आणि नेमेसियो चीज विकायला जातोच. उजाडायच्या आत निघायचं होतं, म्हणून सिक्स्तोनं त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा सकाळचं मिरची उलथणं दुपारवर ढकललं.

“आल्यावर करतो,” तो म्हणाला.

“विसरशील.”

“श्वास घ्यायला विसरेन एक वेळ.”

शहरात बर्टनं जुनं कॅथीड्रल पाहिलं, त्याला खेटून उभं असलेलं नवं पाहिलं, आणि मग दोघं चौकात आले. तिथल्या नगरपालिकेच्या मनोऱ्यावर हिरव्या कपड्यांतला एक बाहुला आहे, तो तास ठोकतो. त्याला सगळे आजोबा मायोर्गा म्हणतात. सिक्स्तोच्या मनात होतं, की बाराच्या ठोक्याला बर्ट आणि मायोर्गा एका फोटोत आले पाहिजेत. बाहुल्याला बाहुला भेटला पाहिजे. बाराला दोन मिनिटं असताना तो पाऊस थांबलेला बघून डब्यातून बर्टला काढून, दोन बोटांत धरून, हात वर करून उभा राहिला.

“जरा डावीकडं, दाजी,” मोबाइल धरलेला नेमेसियो म्हणाला. “वर. अजून वर. मायोर्गाच्या कुशीत गेला पाहिजे.”

“चवड्यांवर उभाय मी! ठोका पडला की दाब!”

पहिला ठोका पडला. त्याच क्षणी वारा सुटला. बर्ट बोटांतून निसटला, बटाट्याच्या ढिगावरून गेला, एका मेजरबाईसारख्या दिसणाऱ्या म्हातारीच्या टोपीला टेकून पुढं निघाला, आणि ऑलिव्हवालीच्या पिंपात उताणा पडला. मिठाचं पाणी, लसूण, ओव्यासारखं काहीतरी आणि संत्र्याची साल. त्यात बर्ट हसतमुखानं तरंगत होता.

“माझा पाहुणा द्या हो काढून!” सिक्स्तो धावत येऊन म्हणाला.

ऑलिव्हवालीनं कमरेवर हात ठेवले. “माझ्या ऑलिव्हांत पाहुणे नसतात, म्हाताऱ्या. स्वच्छ माल आहे.”

“तो बघा ना! निळ्या कोटातला!”

तिनं झारा घातला. झाऱ्यात अकरा ऑलिव्ह आणि एक हॉलंडकर आला. “पाव किलो देऊ? की माणूस वेगळा बांधू?”

मनोऱ्यावर मायोर्गानं बारावा ठोका दिला. नेमेसियोनं त्या सगळ्या गोंधळाचे चौदा फोटो काढले होते, आणि चौदाही फोटोंत तो स्वतःच होता, कारण मोबाइल उलटा फिरला होता.

परतीच्या वाटेवर पावसानं पुन्हा बैठक मारली. गाडीची काच एका बाजूनं बंद होत नव्हती. सिक्स्तो टोपीपासून मोज्यांपर्यंत भिजला. बर्टला त्यानं छातीशी धरलं होतं. नारिंगी टायचा रंग आता शर्टाकडं निघाला होता.

आता इथं एक गोष्ट लक्षात घ्यावी लागेल. या गावात ओलं झालेलं काहीही दोरीवर जात नाही. ऑक्टोबर ते नोव्हेंबर दोरीवर टाकलेला कपडा दोरीवरच बुरसतो. ओली टोपी, ओला बूट, भिजलेली गोणी, एकदा तर रेमेदियोसचं भिजलेलं शाळेचं प्रगतिपुस्तक, सगळं माळ्यावर. हे हाताला ठाऊक असतं. त्यासाठी डोकं वापरावं लागत नाही. सिक्स्तो गाडीतून उतरला, थेट जिना चढला, टोपी पट्ट्यांवर टाकली, मोजे टाकले, बर्टला नीट सपाट करून त्यांच्या शेजारी ठेवलं, आणि अनवाणी स्वयंपाकघरात येऊन सूप प्यायला बसला. डोकं जागं व्हायला तासाभराची डुलकी आणि अर्धा वाडगा लागला.

चमचा तोंडाशी थांबला.

“कासिल्दा!”

कासिल्दा दारातून आत येत होती. तिच्या हातात फावडं होतं आणि खांद्यावर त्याचे मोजे.

“म्हटलंच होतं विसरशील. केली सगळी मिरची खालीवर. मोजे मिरचीत टाकतात का रे? बरं दिसले म्हणून.”

“आणि माणूस?”

“कुठला माणूस?”

“हॉलंडकर! मोज्यांशेजारी ठेवला होता!”

कासिल्दा खुर्चीवर बसली. “धुरात नेऊ नको,” ती हळूच म्हणाली.

“पाठ आहे मला!” सिक्स्तो ओरडला आणि जिन्याकडं पळाला.

टनभर मिरची, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा धूर, आणि त्यात टीचभर कागद. दिवस मावळेपर्यंत दोघं गुडघ्यांवर रांगत चाचपत राहिले. सापडलं ते असं : एक शर्टाचं बटण, कासिल्दाची आठ वर्षांपूर्वी हरवलेली कानातली रिंग, आणि नेमेसियोची अर्धी सिगार, जी त्यानं सोडल्याची शपथ घेतली होती. बुधवारीही तेच. कासिल्दा म्हणाली, विस्तव विझवून मिरची उतरवून टाकू. पण विस्तव विझला असता तर टनभर मिरची कुजली असती. सिक्स्तो दोन तास विस्तवासमोर उभा राहिला आणि मग त्यानं आणखी एक लाकूड सारलं. त्याला स्वतःचाच राग आला.

गुरुवारी नेमेसियो सल्ला घेऊन आला. “दुसरा करा की. कागदच तर आहे. सोन्याचा होता का?”

“इरेनेनं काढलेला होता.”

“पोरांना काय कळतंय?”

“पोरांनाच कळतं,” सिक्स्तो म्हणाला.

पण कासिल्दानं भिंतीवरचं खाटकाचं कॅलेंडर उतरवलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माणूस काढला, कापला, रंगवला. निळा कोट जमला. केसही जमले. चेहरा मात्र काही केल्या हसेना. दाढ दुखणाऱ्या बिशपसारखा दिसत होता, आणि पाठीवर डुकराच्या फऱ्याचं चित्र होतं. कासिल्दानं पाठीला चुना लावला, वाळवून लव्हेंडर शिंपडलं आणि पाकिटात घातला. पाकीट उघडंच ठेवलं. सिक्स्तोनं पाकिटाकडं पाहिलंही नाही.

एकतीस तारीख, शुक्रवार. अकरा वाजता पोस्टाची गाडी चौकात येते. सिक्स्तो साडेनऊला माळ्यावर चढला, आता बर्टसाठी नाही, नुसता रोजच्या कामाला. आठ फावडी मारली असतील. नवव्या फावड्यावर, खालची मिरची वर यावी तसा, बर्ट वर आला.

काशाच्या भांड्यासारखा तांबूस तपकिरी झाला होता. कोट निळा नव्हता, वांग्याच्या रंगाचा होता. कडा वळल्या होत्या. छातीवर एका मिरचीचा सबंध ठसा, देठासकट. आणि ताठ! खारवलेल्या माशासारखा ताठ. चेहऱ्यावर तेच पोट भरलेलं हसू.

सिक्स्तोनं त्याला नाकाशी नेलं. त्रेचाळीस वर्षांत सिक्स्तोला कशाचा वास आला नव्हता, पण याचा आला.

स्वयंपाकघरात टेबलावर दोघं शेजारी शेजारी ठेवले. एक बिशप, लव्हेंडरचा. एक बर्ट, धुराचा. लसणाची मागून येणारी झुळूकही होती.

“लिंबू लाव,” नेमेसियो म्हणाला.

लिंबू लावलं. आता लिंबू, लसूण आणि धूर असा वास यायला लागला.

“आता नुसता तळायचा राहिलाय,” कासिल्दा म्हणाली. मग आवाज उतरवून, “सिक्स्तो, पावणेअकरा झाले. बिशप पाठव. नाताळात ती आली पाहिजे ना?”

सिक्स्तोनं बिशप हातात घेतला. स्वच्छ होता. वास नव्हता. हा पाठवला तर पोरगी येईल, नाताळात या टेबलाशी बसेल, आणि बर्टच्या गप्पा मारेल; आणि आपण प्रत्येक गप्पेला मान डोलवू. त्यानं बिशप खाली ठेवला.

“आपल्या माळ्यावर चढवलेला माल मी कुणाला कधी बदलून दिलाय का?”

“मालाचं वेगळं.”

“तिनं एक दिला होता. तोच परत जाईल.”

त्यानं खाटकाच्या कॅलेंडराच्या एका तुकड्यावर लिहिलं : “लाडके इरेने, बर्ट ऑलिव्हांत पडला. मग मी त्याला वाळवायला ठेवला. कुठं ते तुला वासावरून कळेल. चूक माझी आहे, त्याची नाही. तो फार शहाण्यासारखा वागला. आजोबा.” बर्टला पुठ्ठ्यांत घातलं, पाकीट चिकटवलं आणि टोपी न घालताच चौकात पळाला. पोस्टाच्या गाडीच्या ड्रायव्हरनं पाकीट हातात घेतलं, जरा थांबला आणि विचारलं, “आत सॉसेज आहे का? जेवणाच्या वस्तूंना वेगळा शिक्का लागतो.”

“माणूस आहे,” सिक्स्तो म्हणाला.

त्यानंतरचे आठ दिवस घरात कुणी फोनजवळून मोठ्यानं चाललं नाही. नवव्या दिवशी, रविवारी, जेवण आटोपताना फोन वाजला. रेमेदियोस म्हणाली, “बाबा, इरेनेला बोलायचंय,” आणि आवाजात काहीच कळू दिलं नाही.

“आजोबा.”

“बोल, माझ्या बाळा.”

“बर्टला वास येतो.”

“येतो.”

“खूप येतो. बाईंनी पाकीट फोडलं आणि दोन खिडक्या उघडल्या.”

सिक्स्तोनं टेबलाची कड धरली. “इरेने, मी—”

“मग सगळ्यांनी हुंगला. रांग लावून. पिमनं दोनदा रांग लावली. पिमचा बर्ट बर्फातून आलाय ना, त्याला कशाचाच वास नाही. तो जसा गेला तसाच आला. पिम म्हणाला, तुझा खरंच गेला होता. मग त्यानं माझ्या बर्टचा पाय चाटला.”

“पाय?”

“डावा. चाटून चाटून बूट गेला. बाई ओरडल्या. पण पिम म्हणाला सॉसेजच्या चिप्ससारखा लागतो, मग आणखी तिघांनी चाटला. आजोबा, तू मोबाइलवर पाठवलेल्या फोटोंत तो तांबडा डोंगर कुठला? बाई नकाशात शोधत होत्या.”

“तो… तो माझा अंगठा.”

पलीकडं बराच वेळ नुसतं खिदळणं ऐकू आलं. कासिल्दा फोनला कान लावायला इतकी पुढं झाली होती, की तिचं डोकं सिक्स्तोच्या डोक्यावर आपटलं.

“आजोबा, तुझा विस्तव अजून आहे?”

“महिनाअखेरपर्यंत आहे. शेवटचा माल आहे वर.”

“मग विझवू नको. उद्या पाकीट टाकतोय आम्ही. सगळ्यांचे बर्ट. बावीस आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर नाव आहे, अदलाबदल करू नको. पिमचा जास्त दिवस ठेव, असं तो म्हणाला. मी नाताळात न्यायला येईन.”

“येशील?”

“येणारच ना, नाहीतर ते परत कसे येतील? पोस्टात वास उडतो.” मग जरा थांबून, “पण स्वेटर नको हं. स्वेटरचा वास वाईटच होता.”

“नाही, नाही, स्वेटर नाही,” सिक्स्तो म्हणाला. कासिल्दानं त्याला चिमटा काढला, कारण टोपलीत नवा स्वेटर अर्धा विणून झाला होता.

पाकीट आलं त्या सकाळी पाऊस बसलेलाच होता. बावीस हॉलंडकर, कुणी लठ्ठ, कुणी एका कानाचा, एकाला मिशी. सिक्स्तोनं या वेळी हातसुद्धा धुतले नाहीत. तोंडाला फडकं बांधलं, माळ्यावर चढला, आणि जिन्याजवळच्या पट्ट्या रिकाम्या करून त्यांची ओळ लावली, पिमचा सगळ्यांत आत, जिथं धूर दाट. प्रत्येकाच्या पोटावर वाऱ्यानं उडू नये म्हणून एकेक मिरची ठेवली.

“सिक्स्तो! मोजलेस का?” खालून कासिल्दा ओरडली.

“बावीस!”

“आणि मी वर येऊन काही उलथणार नाहीये बरं का! तूच कर!”

त्यानं पहिल्या बर्टला उताणा होता तो पालथा केला. मग दुसऱ्याला. बावीस झाल्यावर फावडं उचललं आणि मिरचीच्या ढिगाकडं वळला. अख्खा माळा राहिला होता, आणि खालची अजून वर यायची होती.